आग, खारे पाणी आणि हिरवी पाटी

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीच्या पोटात मोटारी शिरू लागल्या की त्यांत चार-दोन हिरव्या पाट्यांच्या हमखास असतात. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे म्हणजे विजेवर चालणारी खासगी मोटार, हे आता पोराटोरांनाही ठाऊक झाले आहे. मार्च २०२० मध्ये मांडव्याची ही बोट सुरू झाली, तेव्हा अशी पाटी दिसणे अप्रूपाचे होते. पुढे जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यावर विजेच्या मोटारींना टोलमाफी मिळाली. शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबई-ठाण्याची कुटुंबे या बिनआवाजाच्या गाड्यांतून किहीम, नागाव, काशीद, मुरुड, दिवेआगरच्या वाटेला लागतात. माडा-पोफळींच्या वाडीतल्या घरगुती मुक्कामी पोचल्यावर पाहुणा पूर्वी पहिला प्रश्न विचारी, ‘गरम पाणी मिळेल ना?’ आता तो विचारतो, ‘गाडी चार्जिंगला लावता येईल ना?’

घरमालक ‘हो’ म्हणतो. कारण दारी आलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणणे किनाऱ्याच्या रीतीत बसत नाही. पडवीतल्या बोर्डातून वायर ओढली जाते आणि गाडी रातभर अंगणात उभी राहते. घरातली म्हातारी माणसे मात्र दारातून तिच्याकडे जरा संशयानेच पाहतात. त्यांनी टीव्हीवर पेटत्या स्कूटर पाहिलेल्या असतात. ‘रात्रीची पेटली तर?’ हा त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तसाच तो, घाबरून पाहुण्याची गाडी वेशीवरूनच परत पाठवावी, असाही नाही. त्याला सरळ उत्तर आहे. ते समजून घ्यायला रविवारचा अर्धा तास पुरेल.

२०२२ चे साल

ही भीती आपल्या घरात शिरली ती २०२२ साली. त्या मार्चच्या अखेरीस पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पाहता पाहता धुराने वेढली गेली आणि जळून खाक झाली. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोर येथे घरात चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि धुरात कोंडून बाप-लेक दगावले. एप्रिलमध्ये नाशिकजवळ चाळीस स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरला आग लागून त्यातल्या वीस जळाल्या. जूनमध्ये वसईत टाटांची नेक्सन ईव्ही ही मोटार पेटली. विजेच्या मोटारीला लागलेल्या आगीची देशभर गाजलेली ही पहिलीच घटना. केंद्र सरकारने तिची चौकशी संरक्षण संशोधन संघटनेच्या अग्निविषयक केंद्राकडे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे आणि विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेकडे सोपविली. सप्टेंबरात सिकंदराबादला एका हॉटेलच्या इमारतीत खाली विजेच्या स्कूटरचे दुकान होते; तेथून उठलेल्या धुराने वरच्या खोल्यांत उतरलेल्यांपैकी आठ जणांचे प्राण गेले. आणि त्याच महिन्यात, पुन्हा वसईतच, घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. शेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला.

या सगळ्या घटना एका ओळीत मांडल्या की एक गोष्ट लक्षात येते. वसईच्या मोटारीतला माणूस सुखरूप बाहेर पडला. त्या वेळच्या बातम्यांनुसार चमत्कारिक आवाज येऊ लागला, समोरच्या पडद्यावर ‘गाडी थांबवून उतरा’ अशी सूचना झळकली आणि तो उतरला. माणसे दगावली ती रस्त्यावर नव्हे, तर घरात, बंद खोलीत, झोपेत. आणि त्यांतली बहुतेक ज्वाळेने नव्हे, धुराने. मोटारीबद्दल घाबरणाऱ्या घरातच स्कूटरची बॅटरी पलंगाखाली चार्ज होत असते, हे मी माझ्याच नात्यागोत्यात पाहतो. घाबरायचेच असेल तर आधी त्या पलंगाखालच्या बॅटरीला घाबरावे.

त्या सालातल्या आगींनंतर नियम कडक झाले. वाहनांची ही मानके ठरविण्याचे काम जिच्यामार्फत चालते ती संस्था, ‘एआरएआय’, आपल्या पुण्यातलीच आहे. दुचाकी-तिचाकींसाठी ‘एआयएस १५६’ आणि मोटारींसाठी ‘एआयएस ०३८’ या मानकांत दुरुस्त्या होऊन त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. सेल कोठे बनला, कधी बनला याची नोंद, आत वायू साचल्यास तो बाहेर पडायला वाट, चार्जरचा प्रवाह वेळीच तोडणारी व्यवस्था आणि एक सेल बिघडला तर आग सगळ्या बॅटरीत पसरते का याची चाचणी, असा त्यांचा रोख आहे. म्हणून जुनी स्कूटर स्वस्तात घेताना ती कोणत्या सालची आहे आणि तिची मूळ बॅटरी बदलून कोपऱ्यावरच्या दुकानातली जोडाजोड बॅटरी तर बसवलेली नाही ना, एवढे विचारलेच पाहिजे.

डब्याच्या आत

लिथियम बॅटरीचा जन्मच मुळी आगीच्या धाकात झाला. १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनी शुद्ध लिथियम धातू वापरून बॅटरी केली, पण तो धातू फार तापट. प्रयोगशाळेतच आगी लागत. जॉन गुडइनफ यांनी तिचे एक टोक सुधारले आणि जपानच्या अकिरा योशिनो यांनी दुसऱ्या टोकाचा लिथियम धातू काढून तेथे कार्बन बसविला. १९८६ साली योशिनोंनी आपल्या बॅटरीवर लोखंडी वजन टाकून ती चेपली, तरी ती पेटली नाही. त्या दिवशी ही बॅटरी बाजारात येऊ शकेल हे ठरले. १९९१ साली सोनीने ती विक्रीस आणली आणि २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि मोटारीच्या तळाशी जी आहे ती तिचीच पुढची पिढी.

मोटारीची बॅटरी म्हणजे एक मोठा डबा आणि त्यात शेकडो, काही गाड्यांत हजारो, छोटे सेल. प्रत्येक सेलमध्ये दोन टोके, त्यांच्या मधे केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा आणि सगळ्यात भिनलेले एक द्रावण. हे द्रावण ज्वालाग्राही असते. पडदा शाबूत आहे तोवर संसार सुरळीत चालतो. कारखान्यातल्या दोषाने, अपघाताच्या दणक्याने, अति चार्जिंगने किंवा अति उष्णतेने तो कोठे फाटला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. उष्णता वाढते, उष्णतेने रसायने फुटू लागतात, ती फुटताना आणखी उष्णता देतात. एकदा हे चक्र सुरू झाले की बाहेरचा प्रवाह बंद करून ते थांबत नाही. एक सेल शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. दिवाळीत फटाक्यांच्या माळेला एका टोकाला उदबत्ती लावली की पुढचे आपल्या हाती राहत नाही, तसाच हा प्रकार.

यातही जातीजातींत फरक आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलमध्ये कमी वजनात जास्त वीज मावते, पण तापल्यावर त्यातून प्राणवायूही सुटतो, म्हणजे आगीला हवा घरातलीच. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल अधिक तापमान सोसतो आणि भडकला तरी तुलनेने सौम्य भडकतो. आपल्याकडच्या बऱ्याच मोटारींत ही दुसरी जात असते. ती पेटतच नाही असे मात्र कोणी समजू नये. तिच्यातूनही पेट घेणारे वायू निघतात. दोन्हींच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखी विषारी द्रव्ये असतात. बंद खोलीत माणसाला मारतो तो हाच धूर.

किती वेळा आणि किती मोठी

बँकेत असताना काही वर्षे माझ्याकडे मासेमारीच्या यांत्रिक नौकांना कर्जे देण्याचे काम होते. कर्जाचे प्रकरण टेबलावर आले की आम्ही जोखमीचे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवायचो. नुकसान किती वेळा होते, हा पहिला. झाले तर किती मोठे होते, हा दुसरा. नौका रोज बुडत नाही, पण बुडाली तर घर बसते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही दिलासा देणारे असले तरी विम्याचा कागद पाहिल्याशिवाय सही होत नसे. विजेच्या मोटारीच्या आगीबद्दल बोलताना लोक हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि मग एकजण म्हणतो ‘भयंकर’, दुसरा म्हणतो ‘काही होत नाही’. दोघेही अर्धेच बोलत असतात.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उत्तर स्वीडनकडे आहे. तिथल्या नागरी संरक्षण खात्याने गाड्यांच्या आगींची मोजदाद ठेवली. २०२२ साली त्या देशात सुमारे ६ लाख ११ हजार विजेच्या व हायब्रिड मोटारी होत्या, त्यांतल्या २३ पेटल्या. पेट्रोल-डिझेलच्या सुमारे ४४ लाख गाड्यांपैकी पेटल्या जवळपास ३,४००. म्हणजे एका लाखात तिकडे चार आणि इकडे ७७. पेट्रोलच्या गाड्या वयाने जुन्या असतात, त्यांतल्या काही जाणूनबुजून जाळल्याही जातात, हे वजा केले तरी विजेची मोटार अधिक वेळा पेटते असे काही केल्या निघत नाही. कशेडी घाटात किंवा द्रुतगती मार्गावर डिझेलची बस पेटली तर ती आतल्या पानावरची चार ओळींची बातमी होते. विजेची मोटार पेटली की तिची चित्रफीत आठवडाभर फिरते. आपल्या मनातली मोजदाद त्या चित्रफितींवरून होते, इतकेच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सुखाचे नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी दक्षिण कोरियात इंचॉन शहरात एका निवासी संकुलाच्या तळघरात उभी असलेली विजेची मोटार पेटली. ती चार्जिंगलाही लावलेली नव्हती. छतातून पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा कोणा कर्मचाऱ्याने बंद केली होती. पाहता पाहता आग पसरून सुमारे १४० गाड्यांचे नुकसान झाले आणि धुरामुळे वीसहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. आग एका गाडीची होती. मोठी झाली ती बंद तळघरामुळे आणि बंद फवाऱ्यांमुळे.

बंब सोमेश्वरी

‘आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी’ ही म्हण या आगीच्या बाबतीत दुहेरी लागू पडते. एक तर बंब दूर असतो. आणि आला तरी पाणी पडते डब्यावर, आग असते डब्याच्या आत. बॅटरीचा डबा पाणी आत शिरू नये म्हणूनच बनविलेला असतो. वाळू, फेस, कार्बन डायॉक्साइडचे नळकांडे यांनी वरच्या ज्वाळा दबतात, पण आतली उष्णता उतरत नाही. उतरवते ते पाणीच, आणि तेही भरपूर. टेस्ला कंपनीने अग्निशमन दलांसाठी काढलेल्या सूचनांत हा आकडा सुमारे ११ हजार ते ३० हजार लिटर इतका दिलेला आहे. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबाने हे एक ते तीन टँकर झाले. मे महिन्यात पेण-अलिबागच्या खारेपाटात प्यायचे पाणीसुद्धा टँकरने येते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

त्यातून ही आग विझली असे वाटून पुन्हा उठते. कधी तासांनी, कधी दिवसांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०२० साली याच विषयावर अहवाल दिला. अपघातानंतर बॅटरीत अडकून राहिलेली वीज मदतीला आलेल्यांच्या जिवावर बेतू शकते आणि क्रेनने ओढून नेतानाही गाडी पुन्हा पेटू शकते, असे त्यात बजावले आहे. म्हणून अशी गाडी इमारतीपासून व इतर गाड्यांपासून चोहोबाजूंनी निदान पन्नास फूट दूर ठेवावी, असा संकेत आहे. मोकळ्या जागी, आसपास काही नसताना, तिला तशीच जळू देऊन शेजार राखणे हाही अग्निशमनाचा मान्य मार्ग आहे. घरमालकाने यातून घ्यायचा धडा सोपा आहे. गाडी पेटली तर बादल्या घेऊन धावू नये. माणसे आणि गुरे दूर न्यावीत, वाऱ्याच्या उलट बाजूला उभे राहावे, मीटरजवळचा मेन स्विच सुरक्षितपणे हाताशी असेल तर पाडावा आणि बंबवाल्यांना फोनवर पहिल्याच वाक्यात सांगावे की गाडी विजेची आहे. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन ही नगरपालिकांची गावे; त्यांच्यापासून वाडीपर्यंत अरुंद पाखाडीतून बंब यायचा आहे. तोवर आपण मोकळी ठेवलेली जागाच कामी येणार.

खारे पाणी

इथवर सांगितले ते पुण्याला लागू आहे तसे नागपूरला. आपल्या किनाऱ्याची गोष्ट निराळी होते ती खाऱ्या पाण्याने.

पावसात विजेची मोटार चालविण्यात काही वावगे नाही. तिची बॅटरी थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडाली तरी तग धरील अशीच बांधलेली असते. पण समुद्राचे पाणी वीज वाहून नेते आणि सुकल्यावर मिठाचा थर मागे ठेवते. तो थर वीज वाहणारी नसती वाट तयार करतो आणि धातू कुरतडतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सीच्या नेवार्क बंदरात समुद्र चढला, तेव्हा तिथे उभ्या असलेल्या फिस्कर कर्मा जातीच्या १६ हायब्रिड मोटारी जळाल्या. कंपनीने शोध घेतला तेव्हा दोष मोठ्या लिथियम बॅटरीचा निघाला नाही. साध्या १२ व्होल्टच्या मंडलात खारे पाणी शिरून शॉर्ट सर्किट झाले आणि वाऱ्याने आग एका गाडीवरून दुसरीवर गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लॉरिडात खाऱ्या पुरात बुडालेल्या विजेच्या गाड्या पाणी ओसरल्यावर कित्येक दिवसांनी पेटल्या. काही तर ओढून नेत असताना.

आता आपल्याकडे पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्या आडव्या करून गेले. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाडात गाड्या खेळण्यासारख्या एकमेकींवर चढविल्या. त्या वेळी या भागात हिरव्या पाट्या मोजक्या होत्या. पुढच्या वादळात तशा राहणार नाहीत. वादळ-पूर दूरच, सुटीच्या दिवशी पुळणीवर गाडी घालण्याची हौस आहेच. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत एक फेरारी रुतली आणि शेवटी बैलगाडी जुंपून ती काढावी लागली. सगळ्या देशाने ते दृश्य पाहून करमणूक करून घेतली. ती गाडी पेट्रोलची होती. विजेची गाडी अशीच रुतली आणि भरतीचे पाणी तिच्या तळापर्यंत चढले, तर ती बाहेर काढून धुऊनपुसून संध्याकाळी वाडीत चार्जिंगला लावणे हा करमणुकीचा प्रकार राहणार नाही.

खाऱ्या पाण्यात तळ बुडालेली गाडी, मग ती विजेची असो की हायब्रिड, सुरू करू नये, चार्जिंगला लावू नये आणि घराला, गोठ्याला, दुसऱ्या गाडीला लागून उभी करू नये. मोकळ्यावर ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवावे आणि त्याने तपासेपर्यंत ती ठीक आहे असे मानू नये, मग आठवडा लोटला तरी चालेल.

बोटीच्या पोटात

हायब्रिडचा उल्लेख मुद्दाम केला. हायब्रिड गाडीत पेट्रोलची टाकी असते आणि बॅटरीही. आपल्याकडच्या बहुतेक हायब्रिडांची बॅटरी लहान असते, त्यामुळे तिच्यात साठलेली वीजही थोडी; पण ती आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही. हिरवी पाटी पूर्ण विजेच्या गाडीला मिळते, हायब्रिडची पाटी पांढरीच.

या पाटीचे महत्त्व समजायला मुंबई बंदराचाच इतिहास पुरे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात, आणि धोक्याचा माल असल्याचे सांगणारा लाल बावटा वर चढविलेला नव्हता. दोन स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, त्यांत आग विझवायला गेलेले ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आग विझविणाऱ्याला समोर काय जळते आहे हे कळणे म्हणजे त्याचा जीव वाचणे, हा त्या दिवसाचा अर्थ. हिरवी पाटी हा विजेच्या मोटारीचा बावटा आहे. हायब्रिडवाल्याने तो स्वतःच्या तोंडाने सांगितला पाहिजे.

आगबोटीवरची आग ही जमिनीवरच्या आगीची थोरली बहीण, कारण पळायला जागा नसते. मार्च २०२२ मध्ये फेलिसिटी एस हे सुमारे चार हजार मोटारी घेऊन निघालेले जहाज आगीनंतर अटलांटिकमध्ये बुडाले. जून २०२५ मध्ये अलास्काजवळ मॉर्निंग मिडास हे जहाज तसेच गेले. त्यावरच्या तीन हजार वाहनांत सुमारे ७० विजेची आणि ६८० च्या आसपास हायब्रिड होती. आग विजेच्या गाडीतूनच सुरू झाली असे दर वेळी सिद्ध होते असे नाही. पण एकदा आग त्या मजल्यावर पोचली की ती आवरत नाही, हा अनुभव. नॉर्वेतील हाव्हिला कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आपल्या प्रवासी बोटींवर विजेच्या आणि हायब्रिड मोटारी घेणेच बंद केले. अमेरिकेच्या मॅटसन कंपनीने जुलै २०२५ मध्ये विजेच्या आणि बाहेरून चार्ज होणाऱ्या हायब्रिड गाड्या नाकारल्या.

आपल्या खाडीत एवढे टोकाला जायचे कारण मला दिसत नाही. मांडव्याचा प्रवास तासाभराचा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी या फेरीबोटी तर काही मिनिटांत पलीकडे लागतात आणि त्यांवर गाड्या उघड्यावर उभ्या असतात, म्हणजे धूर कोंडत नाही. पण १७ जुलै १९४७ ला याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या पाण्यातून आपण ये-जा करतो. आधीच ठरवून ठेवण्याच्या गोष्टी थोड्या आहेत. हिरव्या पाट्यांच्या गाड्या बोटीत एका ठरावीक जागी, पाण्याच्या नळीजवळ आणि उघड्या टोकाकडे असाव्यात. अपघातात चेपलेली किंवा पाण्यात भिजलेली गाडी बोटीत घेऊच नये. प्रवाशांनी गाडीत डुलकी न काढता वर जाऊन बसावे. आणि बोटीत चढताना बॅटरी काठोकाठ भरलेली नसावी. कारण आत साठवण जितकी कमी तितका भडका लहान. विमानातून मालाच्या रूपाने जाणाऱ्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना २०१६ पासून ३० टक्क्यांची मर्यादा घातली गेली ती याच हिशेबाने.

पडवीतला बोर्ड

आता पुन्हा वाडीत येऊ. विजेच्या गाडीच्या निमित्ताने आपल्या किनाऱ्यावर आग लागलीच तर ती बॅटरीतून लागण्याआधी पडवीतल्या बोर्डातून लागण्याचा संभव मला अधिक वाटतो. याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. पाणी तापविण्याचा गीझर साधारण दोन किलोवॉटचा. तो पंधरा-वीस मिनिटे चालतो आणि थांबतो. मोटारीचा घरगुती चार्जर साधारण तीन-सव्वातीन किलोवॉट ओढतो आणि तीस युनिटांची बॅटरी भरायला सलग नऊ तास घेतो. जी वायर गीझरला पुरली ती नऊ तासांच्या ओढीला पुरेलच असे नाही. त्यात आपल्याकडची खारी हवा. सॉकेटच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, पकड सैल होते, सैल जागी उष्णता साठते आणि प्लॅस्टिक वितळू लागते. अर्थिंगची गोष्टही तीच. सुक्या वाळूतून वीज नीट जमिनीत उतरत नाही, आणि मे महिन्यात आपले अंगण म्हणजे सुकी वाळू.

ज्याला पाहुण्यांच्या गाड्या चार्ज करू द्यायच्या आहेत त्याने परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून वेगळी, जाड वायर ओढून घ्यावी. तिला स्वतंत्र एमसीबी आणि गळती झाल्यास प्रवाह तोडणारा आरसीसीबी असावा, अर्थिंग दर वर्षी तपासून घ्यावे. बोर्ड छपराखाली पण झावळ्या, पेंढा आणि लाकूडफाटा यांच्यापासून दूर असावा. खोलीतून खिडकीवाटे ओढलेली एक्स्टेंशन कॉर्ड हा प्रकार कायमचा बंद. स्कूटरची सुटी बॅटरी रात्री झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ चार्जिंगला लावू नये. ती फुगली, तिला वास आला, हाताला फार गरम लागली तर पुन्हा वापरायचा मोह टाळावा. एवढे करायला काही हजारांचा खर्च येईल. तो पाहुण्याकडून चार्जिंगचे रीतसर पैसे घेऊन एका हंगामात वसूल होतो; ‘हो’ म्हणणे फुकटच असले पाहिजे असा काही शिरस्ता नाही.

जाता जाता विम्याचे, कारण जुनी खोड जात नाही. २०२२ पासून विजेच्या गाड्यांना त्रयस्थ व्यक्तीच्या विम्याच्या हप्त्यात १५ टक्के आणि हायब्रिडांना साडेसात टक्के सूट आहे. ही सूट प्रोत्साहनाची. गाडी तितकी कमी पेटते असा तिचा अर्थ नव्हे. आपल्या गाडीच्या विम्यात पाण्याने बॅटरी निकामी झाल्यास भरपाई आहे का, की त्यासाठी वेगळे जादा कलम घ्यावे लागते, हे कागद उघडून वाचावे. बॅटरी हा या गाडीचा सर्वांत महाग भाग आहे. घरमालकानेही आपल्या घराच्या विम्यात पाहुण्याच्या गाडीमुळे लागलेली आग धरली जाते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘हो हो, सगळं कव्हर होतं’ या वाक्यावर मी नोकरीत असताना कधी एक रुपयाही वाटला नाही, आणि आपणही विसंबू नये.

येत्या १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आणि अग्निशमन सेवा दिन दोन्ही आहेत. त्याच्या आगेमागे एखाद्या दिवशी किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी नगरपालिकेच्या बंबवाल्यांना बोलावून गावच्या मोकळ्या जागेत तासभर ही माहिती घ्यावी. घरगुती मुक्कामवाले, फेरीबोटीवरची पोरे, वायरमन, महिला बचत गट सगळे असावेत. पेटलेली गाडी बंब येईपर्यंत कोठे ढकलायची नाही, लोकांनी कोठे उभे राहायचे आणि बंबाला पाणी कोठून मिळेल, एवढे जरी गावाला पाठ झाले तरी मोठे काम होईल. त्यानंतर लगेच मे येतो, पाहुणे येतात. आणि जूनमध्ये समुद्र.